पिशवी काढू की ठेवू?

मैत्रिणींनो, पौषातल्या थंडीत पहाटे रजई फेकून पदराने वारा घ्यावा लागला, की समजावे ही बालाघाटची गरमी नव्हे. माझे दोन वर्षांपासून असेच चालले आहे. कंबर भरली, ब्लाऊजच्या शिवणी उसवून घेतल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पिशवीच काढून टाक बाई, कटकट मिटेल.”

नाही काढली. बीडच्या ऊसतोड बायकांना असाच सल्ला मिळत होता. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत तिथल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली! पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर या वाफा एकदम आणि जास्त जोराने सुरू होतात, हाडेही लवकर ठिसूळ होतात.

पाळी जाणे हा काही रोग नाही. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. सुती गाऊन, उशाशी पाण्याचा तांब्या, संध्याकाळचा चहा बंद आणि सकाळी वैनगंगेच्या काठाने चालणे, एवढ्यावर माझे भागते. (चहा सोडणे सर्वांत कठीण गेले.) त्रास फारच असेल तर औषधे आहेत, डॉक्टरांना विचारा. मात्र वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर ‘उष्णता झाली’ म्हणत घरी बसू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.