आधी नवऱ्याचा रिपोर्ट

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आमच्या मावळात ठरलेला क्रम सुरू होतो. सुनेची सोनोग्राफी, मग गर्भनलिकांचा एक्सरे, मग कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस. नवरोबा फक्त गाडी चालवतात. त्यांची तपासणी? ‘माझ्यात काय खोट असणार?’

असू शकते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही कारण सापडतं. वीर्यतपासणीला ना भूल लागते, ना टाके. दोन ते सात दिवस संयम पाळायचा आणि लॅबमध्ये नमुना द्यायचा. तरी ती सगळ्यात शेवटी होते.

तपासणी टाळणारा हाच पुरुष गोळी मात्र गुपचूप गिळतो. क्लोमिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल. पण ही औषधं करतात काय? पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं. टाकीतल्या फ्लोटसारखं ते मेंदूला सांगतं, ‘भरलं, बंद कर.’ क्लोमिफेन हा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. बाकीची दोन टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होणंच रोखतात. मग मेंदू वृषणांना जोरानं कामाला लावतो.

ज्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे, त्याला याचा उपयोग होऊ शकतो. हार्मोन्स नॉर्मल असतील तर फायदा तुटपुंजा. आणि शुक्रजंतूंची वाटच बंद असेल तर? पाइप तुंबलाय आणि आपण फ्लोट हलवत बसलोय! कुठला प्रकार आपला, हे वीर्य आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. शिवाय शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात; महिन्यात चमत्कार होत नसतो.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं तर उलटंच. मेंदूला टाकी भरलेली वाटते आणि शुक्रजंतूंचं उत्पादन बंद पडू शकतं. ज्याला मूल हवंय त्याला टेस्टोस्टेरॉन देऊ नका, असं अमेरिकी तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात.

याच लेट्रोझोलवर २०११ साली केंद्र सरकारनं स्त्रियांच्या वंध्यत्वासाठी बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. इथे वंध्यत्वाची चर्चाही बाईच्याच शरीरावर होते.

भावांनो, नवस जरूर फेडा. पण बायकोला एक्सरेच्या टेबलावर झोपवण्याआधी स्वतःचा रिपोर्ट आणा. आणि तो न मागताच उपचार सुरू करणारा डॉक्टर भेटला, तर डॉक्टर बदला.