वाघ कमी की वाघ जास्त?

फुलसावंगी म्हटलं की आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे हेलिकॉप्टर. ऑगस्ट 2021 मध्ये तिथल्या एका तरुणाचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला आणि महागाव तालुक्यातल्या या गावाचं नाव टीव्हीवर झळकलं. पण मित्रांनो, आमच्या भागातल्या पारावर जो विषय वर्षानुवर्षं चघळला जातो, तो वेगळाच आहे. तो म्हणजे वाघ! आणि वाद एकाच प्रश्नावर अडतो: वाघ खरोखरच संपत चाललाय, की ही शहरवाल्यांची हाकाटी आहे?

हॉस्टेलच्या मेसमध्येही हाच वाद दोन टेबलांवर बसलेला दिसतो. एका टेबलावर 'वाघ वाचवा'वाले, तर दुसऱ्यावर वणी, पांढरकवडा, चंद्रपूरकडची पोरं. "आमच्याकडं या, एक रात्र जागलीवर बसा, मग सांगा वाघ कमी की जास्त," असं त्यांचं म्हणणं. दोन्ही टेबलं मोठमोठ्यानं बोलतात आणि दोघांकडंही आकडे असतात. म्हणून आधी आकडेच बघू.

2006 च्या गणनेत देशात 1411 वाघ निघाले. 2010 च्या सुमारास हा आकडा टीव्हीवरच्या जाहिरातींमुळं घरोघरी पोचला. 2022 च्या गणनेत तो 3682 झाला. महाराष्ट्रात 2006 ला 103 वाघ होते, 2022 ला 444. म्हणजे आपल्याकडं सोळा वर्षांत चौपटीच्या वर! मग कशाचा आलाय संकटग्रस्त?

पण जरा थांबा. 1411 च्या आधीचा सरकारी आकडा किती होता माहीत आहे? 2001-02 मध्ये 3642. मग चार-पाच वर्षांत दोन हजारांवर वाघ मेले का? तसं नाही. मोजण्याची पद्धत बदलली. आधी पायाचे ठसे बघून मोजायचे, नंतर कॅमेरे लावून अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखायला लागले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. यंत्रच बदललं तर आधीचं आणि नंतरचं रीडिंग एकमेकांशी ताडून बघता येत नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकललाच शिकवलेलं आहे. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये तर ठशांच्या हिशेबानं वाघ होते आणि 2005 मध्ये प्रत्यक्ष शोधलं तर एकही नव्हता. कागदावर भरपूर आणि जंगलात शून्य!

दुसरी गोष्ट. 'संकटग्रस्त' हा शिक्का एखाद्या तालुक्याला लावत नाहीत, तो अख्ख्या जातीला लावतात. जावा आणि बाली बेटांवरचे वाघ संपले, कॅस्पियन समुद्राकडचे संपले. कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधले गेले. जगातल्या रानटी वाघांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज एकट्या भारतात आहेत. म्हणजे आपल्याकडं जास्त दिसतात याचं एक कारण असं, की बाकीच्यांकडं राहिलेच नाहीत.

मग पांढरकवड्याची पोरं खोटं बोलतात का? मुळीच नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये भोक पाडलेली प्लेट आठवा. प्लेटवरचा सरासरी ताण मर्यादेत असतो, पण भोकाच्या काठावर तो तिप्पट होतो आणि प्लेट तडकते ती तिथंच. विदर्भात तेच झालंय. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. वाघाचे बच्चे मोठे झाले की त्यांना स्वतःचा इलाखा लागतो. मग ते निघतात. टिपेश्वरचा एक नर 2019 मध्ये विदर्भ, मराठवाडा, तेलंगण पालथा घालून 1300 किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत काय होतं? कापूस, तूर, सोयाबीन आणि माणसं. आमच्या शेजारच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, पण अशा दोन जंगलांच्या मधली सारी वाट शेतातून जाते.

अवनी वाघिणीचं प्रकरण आठवा. राळेगाव-पांढरकवडा भागात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला गोळी घातली. शहरात मेणबत्त्या लागल्या आणि तिकडच्या गावांत फटाके फुटले. एकाच पक्षाच्या केंद्रीय आणि राज्याच्या मंत्र्यांत जाहीर भांडण झालं. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जायचंच होतं, तिला या भांडणातून काय मिळालं?

माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही टेबलं खरं बोलताहेत. वाघ जात म्हणून धोक्यात आहे आणि वाघाच्या शेजारचा माणूसही धोक्यात आहे. "वाघ वाढले, आता संरक्षण सैल करा" म्हणणाऱ्यांनी सरिस्का विसरू नये. "वाघ दुर्मिळ आहे, सहन करा" म्हणणाऱ्यांनी एक रात्र ओलीत करून दाखवावं. माणूस गेल्यावर मिळणारी मदत शासनानं 25 लाखांवर नेली, ठीक आहे. पण माणूस जाऊच नये म्हणून काय?

इथं आपला संबंध येतो. शेतकरी रात्री शेतात का जातो? कारण पंपाची लाइट रात्री असते. आणि रोही, रानडुकरं पीक खातात म्हणून. जंगलाला लागून असलेल्या गावांना दिवसा लाइट मिळाली तर निम्मं भांडण तिथंच मिटेल. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, तिचा पहिला हक्क या गावांचा असायला हवा. कुंपणात सरळ लाइनचा करंट सोडला तर वाघही मरतो आणि शेजाऱ्याचा पोरगाही. झटका मशीन क्षणभराचाच झटका देतं, जनावर पळतं, मरत नाही. आणि पेंचजवळ नागपूर-जबलपूर हायवेखाली जनावरांसाठी नऊ वाटा काढल्यात, त्यातून वाघ जातानाचे फोटो आहेत. या तिन्ही गोष्टी इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलवाल्यांच्या आहेत, भाषणवाल्यांच्या नाहीत.

दरवर्षी फायनल इयरचे कितीतरी प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट होऊन लायब्ररीच्या कपाटात जातात. त्यातला एखादा तरी स्वस्त, गावात दुरुस्त होणाऱ्या झटका मशीनचा असू द्या. वाघ किती, हे मोजणारे मोजतील. रात्री शेतात जावं लागणारी माणसं किती आणि ती कमी कशी होतील, हा हिशेब मात्र आपण मांडू शकतो. बघा पटतंय का!