विम्याचा कागद आणि परवान्याचे वय

दहावीचा निकाल लागला की वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावी मध्यमवर्गीय घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. पहिला अकरावीच्या प्रवेशाचा आणि दुसरा गाडीचा. महाविद्यालय एका टोकाला, शिकवणीचा वर्ग दुसऱ्या टोकाला, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलाची एस.टी. यांपैकी कशाच्याही वेळेला बांधलेली नाही. अशा वेळी वडिलांची मोटारसायकल मुलाच्या हाती जाते. ज्या घरी मोटारगाडी आहे तेथे यथावकाश तिची किल्लीही जाते. मग कोणीतरी जाणता माणूस विचारतो की, मुलगा आता गाडी चालवणार, तर विमा स्वस्तात कोठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही आणि सारा अनर्थ तेथूनच सुरू होतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय वेगळ्या रूपात भेटतो. तेथे घरातील मुलाला परवाना मिळाला की विमा कंपनीला तसे कळवावे लागते आणि घराचा मोटार विम्याचा हप्ता एकदम वर चढतो. नवशिक्या तरुणाकडून अपघात अधिक होतात, हा अनुभव तेथील कंपन्यांनी हप्त्याच्या आकड्यात उतरविला आहे. म्हणून तेथील पालक आधी हप्त्याचा हिशेब करतो, मग किल्ली देतो. किंमत ही तेथे धोक्याची घंटा ठरते.

भारतात ही घंटा वाजत नाही. येथे दुसऱ्याच्या जीवित-वित्ताची जबाबदारी उचलणारा 'थर्ड पार्टी' विमा कायद्याने सक्तीचा असून त्याचे दर शासन ठरवून देते. ते दर गाडीच्या इंजिनाच्या क्षमतेवरून ठरतात. चालविणाऱ्याच्या वयाचा त्यांत विचार नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १००० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सी.सी.च्या मोटारीला ३,४१६ रुपये, असा हा हिशेब आहे, कर वेगळा. पन्नास वर्षांचा शिक्षक गाडी चालवो की त्याचा अठरा वर्षांचा मुलगा, हप्ता तोच.

यामागे इतिहास आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत सामावल्या गेल्या. पुढे खासगी कंपन्या आल्या आणि २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टी विम्याचा दर मात्र शासनाने आपल्या हाती ठेवला. हा विमा मालकाच्या सोयीसाठी नसून रस्त्यावर चिरडल्या जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे, आणि तो प्रत्येकाला परवडला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय.

सातशे रुपये आणि बत्तीस लाख

या स्वस्त कागदाची खरी किंमत कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. वाशीमच्या रस्त्यावर दुचाकीच्या धडकेने अठ्ठावीस वर्षांचा एक कामगार मृत्यू पावला. महिन्याची मिळकत पंधरा हजार. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईची जी रीत घालून दिली आहे, तिच्यानुसार वार्षिक मिळकत १,८०,००० रुपये. भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून ती २,५२,००० होते. चौघे अवलंबून असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केला की उरतात १,८९,०००. या वयाचा गुणक १७. गुणाकार येतो ३२,१३,००० रुपये. अंत्यविधी व सहवासाच्या हानीची रक्कम आणि व्याज त्याशिवाय.

दुचाकीचा वैध विमा असेल, तर ही रक्कम विमा कंपनी देते. महिन्याला साठ रुपयांहूनही कमी पडणारा हप्ता बत्तीस लाखांची हमी देतो. कारकुनाच्या पगारात यापेक्षा स्वस्त असे दुसरे काही विकत मिळत असेल, असे वाटत नाही. म्हणजे परवडण्याजोगा विमा कोठे शोधावा, हा प्रश्न शासनाने निम्मा सोडवूनच ठेवला आहे. तरीही देशातील रस्त्यांवरची निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, असे अधिकृत अहवालांतून पुनःपुन्हा दिसून आले आहे.

कराराची अट

परंतु ही हमी बिनशर्त नाही. गाडी चालविणाऱ्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असला पाहिजे, ही पॉलिसीतील मूलभूत अट आहे. शिकाऊ परवानाही चालतो. पण त्याचे नियम पाळलेले असले पाहिजेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलचा वा मोटारीचा परवाना मिळूच शकत नाही. तेव्हा त्याच्या हाती किल्ली देताना पिता केवळ वाहतुकीचा नियम मोडत नाही, तर आपल्याच विम्याचा कणा मोडत असतो.

२००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत समतोल साधला. परवाना नव्हता एवढ्यावर कंपनी सुटत नाही. मालकाने स्वतः हयगय केली, हे तिला सिद्ध करावे लागते. पीडित कुटुंबाची उपासमार होऊ नये म्हणून न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगू शकते. मात्र मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. स्वतःच्या अल्पवयीन मुलाला किल्ली देणारा बाप 'मला ठाऊक नव्हते' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणजे ते बत्तीस लाख अखेरीस त्याचे घर, शेत आणि निवृत्तीनंतरची पुंजी यांच्यावरच येऊन आदळतात.

फौजदारी बाजू याहून कठोर आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, असे त्याचे स्वरूप आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. ती मोटार श्रीमंताची होती म्हणून तिची चर्चा झाली. परंतु कायद्याच्या दृष्टीने तिच्यात आणि शिकवणीच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलीत भेद नाही.

'इतकी मुले चालवतात, कोणाचे काय बिघडले?' असा युक्तिवाद यावर केला जातो. अपघाताची शक्यता थोडी आहे, हे खरेच. पण संभव अल्प आणि हानी अफाट, अशा प्रसंगासाठीच तर अनेकांनी थोडे थोडे एकत्र करावयाचे, हे विम्याचे शास्त्र आहे. विनापरवाना मुलाला गाडी देणारे कुटुंब वर्षभर हप्ता भरते आणि ऐन संकटात त्या सामाईक छत्राबाहेर एकटे उभे राहते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. हे आकडे पाहिल्यावर 'काही होत नाही' हे वाक्य कोणी सहज उच्चारू नये.

सोळा वर्षांचा पेच

कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला एक वाट ठेवली आहे. ५० सी.सी.पर्यंतची दुचाकी त्याला परवाना घेऊन चालविता येते. १९७२ साली आलेल्या लुनाने एका पिढीला महाविद्यालयात पोहोचविले, त्या काळी या तरतुदीला अर्थ होता. आज त्या क्षमतेच्या पेट्रोलवरील गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. परवाना आहे, पण त्याला साजेशी गाडी नाही, अशी ही अवस्था आहे. त्या जागी २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेगाने न धावणाऱ्या विजेच्या दुचाक्या आल्या. नियमांच्या दृष्टीने त्या मोटार वाहनच नसल्याने त्यांना ना नोंदणी लागते, ना परवाना, ना विमा. सोय म्हणून हे ठीक. परंतु अशा गाडीखाली एखादी वृद्धा सापडली, तर तिला भरपाई देणारा कोणी नाही. सोळा वर्षांच्या मुलासाठी लहान विजेची गाडी, सोपा परवाना आणि अल्प हप्त्याचा विमा अशी त्रिसूत्री शासनाला सहज आखता येईल. जुनी ५० सी.सी.ची ओळ कायद्यात तशीच ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही.

काटकसर कोठे करावी

मुलगा अठरा पूर्ण करून रीतसर परवाना घेतो, तेव्हा स्वस्त विम्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. त्याचे उत्तर प्रथम गाडीच्या निवडीत आहे. १५० सी.सी.ची मर्यादा ओलांडताच दुचाकीचा ७१४ रुपयांचा हप्ता १,३६६ वर आणि ३५० च्या पुढे २,८०४ वर जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना चार कंपन्यांचे दर पडताळावेत. पूर्वीच्या दरपत्रकात मुंबई, पुणे आदी आठ महानगरे एका विभागात आणि उर्वरित देश दुसऱ्यात होता. वाशीम या दुसऱ्या, कमी दराच्या विभागात येते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढते, आणि ती गाडीची नसून मालकाची असते. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की ती बुडते. किरकोळ खरचटण्याचा दावा करून ती घालविणे शहाणपणाचे नाही. जितकी गाडी चालेल तितका हप्ता, अशी जोड २०२२ पासून कंपन्या देऊ शकतात. केवळ महाविद्यालयापर्यंत जाणाऱ्या गाडीला ती सोयीची ठरते.

काही ठिकाणी मात्र काटकसर करू नये. मालक-चालकासाठी सक्तीचे असलेले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वडिलांच्या नावावरील गाडीवर वडिलांनाच मिळते, मुलाला नव्हे. स्वतःच्या चुकीने पडलेला मुलगा त्रयस्थही ठरत नाही. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्या मित्राचेही संरक्षण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे. थोडा जादा हप्ता भरून ही दोन्ही छिद्रे बुजविता येतात. शिवाय १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ती पाच वर्षे कधी संपली, हे पुष्कळ घरांत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

या सर्वाचा भार एकट्या पालकावर टाकणेही न्याय्य नव्हे. एस.टी. महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत देते. पण गाडीच वेळेवर नसेल, तर सवलत कशावर घ्यावयाची? शिकवणीच्या वेळा आणि बसच्या फेऱ्या एकमेकींशी जुळविणे हे नगरातील महाविद्यालये, वर्गचालक आणि आगार यांनी एकत्र बसून करण्याजोगे काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या ठिकाणी परवान्याची शिबिरे अधिक भरवावीत, महाविद्यालयांनी वाहनतळावर परवाना पाहूनच गाडी आत घ्यावी, आणि विमा प्रतिनिधीने हप्ता घेताना 'गाडी घरात कोण कोण चालविते?' एवढे तरी विचारावे.

परदेशातील पालकाला जे शहाणपण वाढलेल्या हप्त्यामुळे येते, ते येथे स्वतःच्या विवेकाने आणावे लागते. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचे दोन वर्षांचे थांबणे हा या देशातील तरुणाच्या विम्याचा न छापलेला हप्ता आहे. तो भरल्यावाचून उरलेले सातशे रुपये घराचे रक्षण करू शकत नाहीत.