अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक टळतो का? उत्तर तुमच्या जनुकांत दडलंय का?

रोज एक कॅप्सूल घ्या, फ्री रॅडिकल्स संपवा आणि हृदय तरुण ठेवा, अशा जाहिराती सोशल मीडियावर पावलोपावली दिसतात. त्यात आता घरबसल्या थुंकीचा नमुना देऊन जीन टेस्ट करून घेण्याच्या ऑफर्सची भर पडली आहे. अहवालात ‘धोका जास्त’ असं आलं की सोबत सप्लिमेंटची यादीही मिळते.

आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. मधुमेहात हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यामुळे या गोळ्यांचं गिऱ्हाईकही मोठं आहे. पण विज्ञान काय सांगतं?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे नेमकं काय?

पेशी अन्नापासून ऊर्जा तयार करतात तेव्हा काही अस्थिर रेणू बाहेर पडतात. फ्री रॅडिकल्स त्यातलेच. थोड्या प्रमाणात ते शरीराला हवेच असतात. जंतूंशी लढताना आणि पेशींना संदेश देताना ते कामी येतात. शरीराकडे त्यांना आवर घालणारी स्वतःची यंत्रणाही असते. हे रेणू जास्त आणि आवर कमी अशी स्थिती झाली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

रक्तातली साखर सतत जास्त असेल, तंबाखूचं व्यसन असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर हे संतुलन बिघडतं. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ऑक्सिडाइज होऊन रक्तवाहिनीच्या भिंतीत साचायला मदत होते. अडथळ्याची सुरुवात तिथून होते.

मग गोळी घेतली की प्रश्न मिटला?

१९९०च्या दशकात अनेक संशोधकांनाही तसंच वाटत होतं. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. ‘होप’ या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देण्यात आली. साधारण साडेचार वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २००० साली हा निकाल आला. पुढे पाठपुरावा वाढवला, तेव्हा व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअरचं प्रमाण थोडं जास्त आढळलं.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. तिथे बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्य कार्यदलाने हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन घेऊ नका, असा सल्ला दिला.

यात जनुकांचा संबंध कुठे येतो?

याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे हाप्टोग्लोबिन हे प्रथिन. लाल रक्तपेशी फुटतात तेव्हा हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होतं. त्यातल्या लोहामुळे ऑक्सिडेशन वाढतं. हाप्टोग्लोबिन या मोकळ्या हिमोग्लोबिनला पकडून ठेवतं आणि मग शरीर त्याची विल्हेवाट लावतं.

या प्रथिनाच्या जनुकाचे १ आणि २ असे दोन मुख्य प्रकार आहेत. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. त्यामुळे कुणी १-१, कुणी २-१, तर कुणी २-२ असतं. २-२ असलेल्यांचं हाप्टोग्लोबिन हे काम कमी प्रभावीपणे करतं. मधुमेह नसेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. मधुमेह असेल तर मात्र २-२ गटात हृदयविकाराचा धोका जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भारतीयांमध्ये २ या प्रकाराचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे.

एकाच गोळीचे दोन परिणाम?

इस्रायलमध्ये ५५ वर्षांवरच्या, २-२ असलेल्या १,४३४ मधुमेहींवर चाचणी झाली. तिचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये २.२ टक्के, तर न घेणाऱ्यांमध्ये ४.७ टक्के होतं. फरक इतका होता की १८ महिन्यांतच चाचणी थांबवण्यात आली.

याउलट, २-१ असलेल्या मधुमेहींमध्ये व्हिटॅमिन ईमुळे एचडीएलचं, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलचं, काम कमकुवत झाल्याचं २०११ मधल्या एका छोट्या अभ्यासात आढळलं. म्हणजे एकाला उपयोगी ठरणारी गोळी दुसऱ्याला नुकसान करू शकते. सगळ्यांची सरासरी काढली की परिणाम शून्य दिसतो, याचं एक कारण हेही असू शकतं.

मग जीन टेस्ट करून गोळी सुरू करावी का?

अजून तरी नाही. इस्रायलची चाचणी एकाच देशातली आणि कमी काळाची होती. तेवढ्यावर उपचार ठरत नाहीत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मधुमेहींना सरसकट अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट घ्यायला सांगत नाही. शिवाय अनेक जनुकांवरून धोक्याचा एकत्रित अंदाज देणाऱ्या टेस्ट मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभ्या आहेत. भारतीयांसाठी त्या तितक्या अचूक नाहीत.

धोका जनुकात असेल तर हातात काय उरतं?

बरंच काही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५५ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका जास्त असलेल्यांचीही तुलना झाली. त्यांच्यातही धूम्रपान न करणारे, वजन आटोक्यात ठेवणारे, व्यायाम करणारे आणि नीट खाणारे यांना हृदयविकाराचा धोका उलट सवयी असलेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता.

फळं, भाज्या, डाळी खाणं आणि त्यातला एखादा घटक गोळीतून घेणं, यातही फरक आहे. वरच्या चाचण्यांचे निकाल गोळ्यांबद्दल आहेत, आहाराबद्दल नाहीत.

घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. साखर, रक्तदाब आणि एलडीएल तपासून घ्या. या तपासण्या जीन टेस्टपेक्षा स्वस्त आहेत आणि त्यात काही बिघाड निघाला तर त्यावर सिद्ध झालेली औषधं उपलब्ध आहेत. डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करून कुठलीही कॅप्सूल सुरू करू नका. आधीच एखादं सप्लिमेंट घेत असाल, तर पुढच्या भेटीत त्याची बाटली डॉक्टरांना दाखवा.