आजारी माशाला आधी सूक्ष्मदर्शक हवा

मासा दगडावर अंग घासू लागला, कल्ले भराभर हलू लागले, की घरी टाकी ठेवणारा माणूस औषधाच्या बाटलीकडे धाव घेतो. शेततळ्यातले रोहू पाण्याबाहेर उसळू लागले, की मत्स्यशेतकरी कीटकनाशकाच्या दुकानाची पायरी चढतो. दोघांची कळकळ खरी असते आणि दोघांची चूकही एकच असते: आजार कोणता हे कळण्याआधीच इलाज सुरू झालेला असतो. कर्नाटकातल्या बीदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांत शोभेच्या माशांची हौस आणि तळ्यातली मत्स्यशेती दोन्ही रुजायला हवी असेल, तर औषधांच्या आणखी दुकानांपेक्षा आजारी मासा तपासून देणाऱ्या जागेची गरज मोठी आहे. त्यासाठी जे लागते, त्यातले बरेचसे या भागाच्या आवाक्यात आधीपासूनच आहे.

ही गरज सर्वांत स्वच्छ दिसते ती खाऱ्या पाण्याच्या टाकीत. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळून तो घरीच तयार करावा लागतो. मासे मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या बाजारांतून यायचे, म्हणजे लांबचा प्रवास आणि त्या प्रवासाने खचलेली प्रतिकारशक्ती. अशा माशांत नेहमी आढळणारा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्यात त्वचेखाली एक जीव माशाला खात बसलेला असतो. तीन ते सात दिवस पोट भरले की तो आपणहून गळून पडतो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. मासा पुन्हा स्वच्छ दिसतो आणि मालकाला वाटते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात कवचाच्या आत विभाजन चालू असते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात आणि दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. तांब्याचे औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्या किंवा कवचातल्या परजीवीला ते काही करू शकत नाही. म्हणून पाण्यातले तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात, रोज मोजून, किमान तीन आठवडे टिकवावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर मासाच दगावतो. तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारते, चुनखडीच्या दगडात मुरते; म्हणून उपचार वेगळ्या टाकीत करायचे आणि मूळ टाकी किमान सहा आठवडे माशांविना ठेवायची. हे जीवनचक्र ज्याला कळले, त्याला औषधाशिवायही मार्ग सापडतो: दर तीन दिवसांनी मासा धुऊन वाळवलेल्या नव्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. गळून पडलेला परजीवी पिल्ले सोडण्याआधीच मागे राहतो.

पण इथेच खरी अडचण आहे. अंग घासणे, धापा टाकणे, अंगावर बुळबुळीत थर चढणे ही लक्षणे आणखीही रोगांत दिसतात. क्लाउनफिशमध्ये आढळणाऱ्या ब्रूक्लिनेलावर तांबे चालत नाही, त्याला फॉर्मालिन लागते. कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल चालते. अमायलूडिनियमवर तांबे चालते, पण तो दिवस-दोन दिवसांतच टाकी रिकामी करू शकतो. डोळ्यांना हे रोग सारखेच भासतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांपासून सहज वेगळे ओळखता येतात. अंगावरचा थोडा बुळबुळीत थर आणि कल्ल्याचा बारीक तुकडा काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवला, की हलणारा परजीवी काही मिनिटांत दिसतो. ते न करता प्रतिजैविक ओतले, तर परजीवी शाबूत राहतो आणि माशांनी सोडलेला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र मरू शकतात. मग रोगाने वाचलेला मासा अमोनियाने जातो.

तळ्यातली गोष्ट वेगळी नाही. रोहूच्या अंगावर बसणाऱ्या उवा, म्हणजे अर्ग्युलस, डोळ्यांनी दिसतात. त्यांच्यासाठी कीटकनाशक ओतले तर आजच्या उवा मरतील, पण दगडांवर आणि पाणवनस्पतींवर पट्ट्यांत घातलेली अंडी उरतात आणि काही आठवड्यांत तळे पुन्हा भरते. त्यापेक्षा तळ्यात बांबू रोवावेत, त्यांवर अंडी घातली गेली की बाहेर काढून उन्हात वाळवावेत. यात अंड्यांच्या टप्प्यावरच घाव बसतो आणि पाण्यात विष जात नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाने हाच धडा मोठ्या प्रमाणावर दिला. माशांच्या अंगावरचे लाल, खोल व्रण पाहून जिवाणूंचा संशय येतो, पण त्यामागचे मूळ कारण बुरशीसारखा एक जीव आहे, ज्याला प्रतिजैविकांनी काही होत नाही. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यासाठी ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. 

आता आपल्या जिल्ह्यांकडे पाहू. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बीदरच्या नंदीनगरात आहे, पण त्याचे १९६९ साली स्थापन झालेले मत्स्य महाविद्यालय राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मंगळुरूत आहे. समुद्रकिनारी ते असणे योग्यच आहे. मात्र औराद किंवा भालकीच्या शेतकऱ्याने आजारी मासा घेऊन तिथे जावे, ही अपेक्षा कोणीच करणार नाही. महाराष्ट्राचे एक मत्स्य विज्ञान महाविद्यालय मात्र सीमेपलीकडे उदगीरला आहे. बीदर, भालकी, कमलनगर आणि उदगीर ही चारही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. मांजरा नदी लातूरकडून बीदरमध्ये येते, भीमा सोलापूरकडून कलबुर्गीत. पाण्याबरोबर मासे, बीज आणि परजीवी सीमा ओलांडतात. तपासणीचा अहवाल मात्र सीमेवर अडतो, कारण सरकारी सेवा राज्याच्या नकाशात बसवलेल्या आहेत.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. शंभर रुपयांच्या माशासाठी तपासणी कोण करणार? हिशेब एका माशाचा धरला तर आक्षेप बरोबर आहे. पण रोग एका माशापुरता राहत नाही. पणाला लागते ती सगळी टाकी किंवा तळ्यातले सगळे बीज. शिवाय काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक जनावरांचे रक्त आणि शेण तपासायला पशुवैद्यकीय दवाखान्यांना लागतातच. कमी आहे ती माशाचा नमुना घेण्याची सवय आणि थोडे प्रशिक्षण. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अहवालाची वाट पाहत बसले तर मासा मरेल. अमायलूडिनियमसारख्या रोगात हे खरे आहे. म्हणूनच तपासणीचे पहिले पाऊल आजाराच्या आधी पडायला हवे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला, तर रोग आलाच तरी तो तिथेच दिसतो, तिथेच उपचार होतात आणि मुख्य टाकी वाचते. तिसरा आक्षेप असा, की जिथे माणसांच्या दवाखान्यांत डॉक्टर कमी आहेत, तिथे माशांचे लाड कशाला? पण पाणी माणसांचेच आहे. टाकी किंवा तळे रिकामे केले की औषध नाल्यातून कारंजा, मांजरा, भीमा या नद्यांकडे जाते. खाण्याच्या माशांत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान वापरायला देशात बंदी आहे, ती माणसाच्या आरोग्यासाठीच. अंदाजाने ओतलेले प्रत्येक प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढवायला हातभार लावते.

म्हणून मागणी नेमकी आहे. बीदरच्या विद्यापीठाने मुख्यालयात माशांच्या रोगतपासणीची खिडकी उघडावी आणि तालुक्याच्या पशुवैद्यकांना नमुना घेण्याचे प्रशिक्षण द्यावे. उदगीरच्या महाविद्यालयाशी करार करून सीमेपलीकडचे नमुने दोन्ही बाजूंनी स्वीकारावेत, अहवाल मराठी आणि कन्नड दोन्हींत द्यावेत. केंद्राने २०२३ मध्ये माशांचे रोग कळवण्यासाठी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप आणले. त्यावर आलेल्या तक्रारीला जवळच्या तपासणीची जोड मिळाली, तरच ते शेतकऱ्याच्या कामाचे. दुकानदारांनी नवा माल वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय विकू नये आणि ग्राहकांनी तसे विचारून घ्यावे. मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. तो विकत घेऊन घरी किंवा तळ्यात आणणाऱ्यावर ते शोधून काढण्याची जबाबदारी येते, आणि ती पार पाडता येईल अशी सोय करून देणे हे दोन्ही राज्यांच्या सरकारांचे काम आहे.