लंडनहून आलेली तलवार ४७ लाखांची, मग अकोले तालुक्यातल्या माळ्यावरच्या तलवारीचं काय?

१८ ऑगस्ट २०२५. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. फोटो, रील्स, स्टेटस... तुमच्याही फीडवर ती दिसलीच असेल. एप्रिलमध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात ती विक्रीला असल्याचं कळलं आणि राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक आणि विम्यासह खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये.

बातमी अभिमानाची आहेच. पण ती वाचताना एक प्रश्न पडायला हवा. जी जुनी शस्त्रं परदेशात गेलीच नाहीत, आजही गावातल्या घरांत माळ्यावर किंवा देवघरात पडून आहेत, त्यांचं काय होतंय?

हा प्रश्न अकोल्यातून का विचारायचा?

आधी एक खुलासा. हे विदर्भातलं अकोला नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. रतनगड, हरिश्चंद्रगड, पट्टा, बितनगड अशा किल्ल्यांचा हा तालुका. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज पट्टा किल्ल्यावर मुक्कामी थांबले, म्हणून त्याचं नाव विश्रामगड पडलं. पुढे इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे हेही याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ मध्ये त्यांना ठाण्यात फाशी दिलं गेलं.

अशा मुलखात एखाद्या घरात जुनं पातं, ढाल किंवा भाल्याचं टोक निघालं, तर नवल नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत अकोले तालुक्यातला एकही नाही. त्यामुळे मोठ्या किल्ल्यांकडे वळलेलं लक्ष आणि निधी इथपर्यंत पोहोचेलच, याची खात्री नाही. जे जपायचं, ते बरंचसं लोकांच्याच हातात आहे.

तलवारीची किंमत नेमकी कशाची?

रघुजींची तलवार 'फिरंग' प्रकारची आहे. म्हणजे पातं युरोपात बनलेलं आणि मूठ आपल्याकडची. अशी पाती त्या काळात भरपूर यायची, त्यामुळे फक्त पात्यावरून ती कुणाची हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि त्यांचा 'सेनासाहेबसुभा' हा किताब लिहिलाय. ती एक ओळ नसती, तर ही शेकडो फिरंगांपैकी एक ठरली असती.

आता वाघनखं आठवा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्यात. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत का, यावर वाद झाला. ती महाराजांचीच असल्याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द त्या म्युझियमचं म्हणणं आहे. कारण वस्तूवर नाव नाही आणि १६५९ पासूनची तिच्या प्रवासाची सलग नोंद नाही.

दोन्ही वस्तू लंडनहून आल्या. एकीबद्दल वाद नाही, दुसरीबद्दल आहे. फरक फक्त नोंदीचा.

जपानने काय केलं?

जुनी शस्त्रं आणि चिलखतं जमवणं, अभ्यासणं म्हटलं की जगात पहिलं नाव येतं सामुराई योद्ध्यांचं. पण त्यांचा वारसाही एकेकाळी मोडीत निघाला होता. १८७६ मध्ये जपान सरकारने लोकांना तलवार लावून फिरायला बंदी केली. सामुराईंचा दर्जा गेला, पगार गेला आणि अनेक घराण्यांनी चिलखतं विकली. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आज दिसणारी बरीच चिलखतं त्या काळात बाहेर गेलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी फौजांनी तलवारी जप्त करायला सुरुवात केली. तेव्हा कलामूल्य असलेल्या तलवारी वाचवण्यासाठी १९४८ मध्ये अभ्यासकांची संस्था उभी राहिली.

आज जपानमध्ये प्रत्येक जुन्या तलवारीचं नोंदणीपत्र असतं. ही नोंद मालकाची नाही, तलवारीची असते. मालक बदलला तरी कागद तलवारीसोबत जातो.

चिलखताचा अभ्यास आणखी किचकट. शिरस्त्राण एका शतकातलं, छातीचा भाग दुसऱ्या, रेशमी दोऱ्या तिसऱ्या, असा जोडलेला संच बाजारात सर्रास मिळतो. कारागीर शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूला नाव कोरायचे, पण तेही खोटं असू शकतं. म्हणून अभ्यासक पत्रे, खिळे, लेपाचे थर असं सगळं वेगवेगळं तपासतात. ऐकीव गोष्ट शेवटी, वस्तू आधी.

आपला कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू 'पुरावशेष' ठरते. ती देशाबाहेर नेणं सामान्य माणसासाठी गुन्हा आहे आणि तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. पण गोम इथेच आहे. याच कायद्याखाली सक्तीच्या नोंदणीची जी यादी आहे, तिच्यात शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं येतात. साधी तलवार किंवा ढाल त्यात येत नाही. म्हणजे ती बाहेर नेता येत नाही, पण ती आहे याची नोंदही कुठे नाही.

शेतात नांगरताना किंवा किल्ल्यावर काही सापडलं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

शस्त्र कायद्याची भीतीही असते. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्राला, सरकारने अधिसूचना काढलेल्या भागांत परवाना लागतो. तलवारीने केक कापण्याच्या रील्सवरून गुन्हे दाखल झालेले तुम्ही वाचले असतीलच. या भीतीपोटी जुनी वस्तू भंगारात गेली, तर नुकसान कायमचं.

मग घरात असं काही असेल तर काय करायचं?

पहिलं म्हणजे घासू नका. खंडेनवमीला शस्त्र चकाचक करायची हौस असते. पण लिंबू, चिंच, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावला, की गंजासोबत सोन्याची नक्षी आणि कोरलेली अक्षरंही जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा आणि थांबा. घाटमाथ्याच्या पावसात चामड्याच्या म्यानात ओल धरते, त्यामुळे पातं म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवा.

दुसरं, नोंद करा. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी. अंधारात बाजूने टॉर्च मारून फोटो काढा, पुसट अक्षरं उठून दिसतात. लांबी, रुंदी, वजन लिहा.

तिसरं, आजी-आजोबांना विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. 'ही महाराजांच्या काळातली' असं ते म्हणाले, तर ते 'ऐकलेलं' म्हणून वेगळं लिहा. घरात मोडी कागद असतील, तर ते शस्त्रापासून वेगळे होऊ देऊ नका.

चौथं, पत्त्यासह फोटो व्हायरल करू नका, चोराला आयती माहिती मिळते. त्यापेक्षा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला दाखवा. आणि घरातलं शस्त्र जवळ ठेवण्याबाबत शंका असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या.

हे सगळं फार मोठं काम वाटतंय? याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जमवलं. कुठलं वाण कसलं, कधी पेरायचं, त्याचा गुण काय, ही माहिती त्यांनी बियाण्यासोबत जपली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाला. नाव हरवलेलं बी नुसता दाणा उरतो. तलवारीचंही तसंच आहे. लंडनमधली तलवार पैसे मोजून परत आणता आली. माळ्यावरच्या तलवारीवरून घासून गेलेली अक्षरं कुठल्याच लिलावात मिळणार नाहीत.