माझ्या नावाची पिशवी

ऑपरेशनची तारीख ठरली त्या रात्री मी फ्रीज साफ केला. दुसऱ्या रात्री मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. तिसऱ्या रात्री पावणेतीन वाजता जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले: लॉकरची किल्ली कुठे, गॅसचं पुस्तक कुठे, कुकरची जास्तीची रिंग कुठल्या खणात. हिंग कुठल्या डबीत आहे तेही लिहिलं, कारण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला हिंग एकदाही सापडलेलं नाही. सकाळी त्याने यादी वाचली आणि म्हणाला, "खुब्याचं ऑपरेशन आहे ना तुझं? मृत्युपत्र कसलं लिहितेस?"

उजव्या खुब्याचा सांधा बदलायचा होता. वय ६२. पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत एखादा गुडघा नाहीतर खुबा बदललेला असतोच, त्यामुळे या ऑपरेशनचं कुणाला अप्रूप नाही. भेटायला येणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक "आमच्या वन्सं चौथ्या दिवशी जिना चढल्या" सांगणारी आणि दुसरी "अमक्याला भूल उतरलीच नाही" सांगणारी. दुसऱ्या जातीचे लोक उठून गेले की त्यांना मनसोक्त नावं तरी ठेवता येतात. पहिल्या जातीचे लोक जास्त छळतात. त्यांच्यानंतर घाबरायचीसुद्धा लाज वाटते.

मला मरणाची भीती वाटत होती का? फारशी नाही. पाठीमागे नाड्या असलेला तो हिरवा झगा घालून, बांगड्या-मंगळसूत्र काढून, चष्मा नवऱ्याच्या खिशात देऊन आपण स्ट्रेचरवर आडवं व्हायचं आणि मग जे काय व्हायचं ते इतरांनी ठरवायचं, याची मात्र होती. घरात गेली कित्येक वर्षं मी ठरवते तशी आमटी होते. असो.

या भीतीत भर घातली ती रक्ताने. सर्जन म्हणाले, दोन पिशव्या रक्त तयार ठेवू, लागतीलच असं नाही. नमुना रक्तपेढीत गेला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला: क्रॉसमॅच जुळत नाही. माझा गट साधासुधा बी पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे मला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. रक्तपेढीतल्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

चढवलं होतं. १९८७ साली लेकीच्या जन्मानंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा तालुक्याच्या गावी रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. तेव्हा खरोखरच काचेच्या बाटल्या होत्या. आता प्लास्टिकच्या पिशव्या येऊन जमाना झाला तरी आपण अजून 'बाटली चढवली' असंच म्हणतो. त्यातली एक बाटली नवऱ्याने रात्री दहा वाजता पैसे मोजून आणली होती. रक्त विकणारी माणसं तेव्हा सर्रास असत. रक्ताची एचआयव्ही तपासणी देशात सक्तीची झाली १९८९ मध्ये, आणि रक्तविक्री बंद झाली सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८पासून. म्हणजे आम्ही केवळ नशिबाने सुटलो, हे मला इतक्या वर्षांनी त्या खुर्चीत बसून कळलं.

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. ए, बी, ओ आणि आरएच एवढंच आपल्याला ठाऊक असतं, पण तांबड्या पेशींवर याखेरीज कितीतरी खुणा असतात. आपल्यात नसलेली खूण परक्या रक्तातून आली की शरीर कधी कधी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि ती ओळख जपून ठेवतं. माझ्या रक्तात अशा दोन अँटिबॉडीज निघाल्या. ज्याने ती बाटली विकली तो कोण, कुठला, त्याचं पुढे काय झालं, काही माहीत नाही. माझं रक्त मात्र त्याला विसरलेलं नव्हतं.

"किंवा," बाई म्हणाल्या, "बाळंतपणातही होऊ शकतात. बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणा असतात." हे ऐकून नवऱ्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तुझ्या रक्तातच माझ्याविरुद्ध तक्रार आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, तपासणी चांगली आहे यांची.

पुतण्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सहा पोरांना घेऊन हजर झाला. "काकू, काय काळजी करता, आम्ही आहोत ना." त्यांच्यापैकी कुणाचं रक्त मला चालेल याची खात्री नव्हती. सख्ख्या नात्यातलं तर शक्यतो टाळतातच. आई, मूल, भावंडं यांचं रक्त विकिरण केल्याशिवाय देत नाहीत, कारण त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात ठाण मांडून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो. 'रक्ताचं नातं' या शब्दाची इतकी वासलात मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. पोरांनी रक्त दिलं ते दिलंच, दुसऱ्यांसाठी.

माझ्यासाठी बाईंनी दुसरा मार्ग काढला. तुम्हीच द्या तुमच्यासाठी. ऑपरेशनआधी काही आठवडे आपलं रक्त काढून आपल्याच नावाने साठवून ठेवायचं. याला ऑटोलॉगस रक्तदान म्हणतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात एड्सच्या धास्तीने याची लाटच आली होती. पुढे रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, धास्ती ओसरली आणि लाटही. आता ते मुख्यतः माझ्यासारख्या, रक्त जुळायला कठीण असलेल्या लोकांपुरतं उरलं आहे. यात पहिला मान खरं तर बॉम्बे ब्लड ग्रुपवाल्यांचा. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला हा गट. या लोकांना साधं ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त आपल्याच गटाचं लागतं. त्यांच्यापुढे माझी अडचण किरकोळ होती.

गणित मात्र चोख मांडावं लागतं. रक्त काढल्यावर त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं. तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. म्हणून रक्त लवकर काढलेलं बरं. पण पिशवी टिकते ३५ दिवस, म्हणून फार लवकरही नको. शेवटची पिशवी आणि ऑपरेशन यांत किमान ७२ तास हवेत. इतरांसाठी रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागतं, स्वतःसाठी ११ चालतं. माझं ११.६ होतं. ऑपरेशनच्या आधी २८ दिवस पहिली पिशवी, १४ दिवस दुसरी, असं ठरलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर एक अत्याचारही: गोळीच्या आगेमागे चहा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला हे सांगणं सोपं नव्हे.

पहिल्या दिवशी खुर्चीत आडवी झाले, हातात मऊ चेंडू दिला, तो दाबत राहिले. ३५० मिलिलिटर. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग पिशवीवर चिठ्ठी लावली, त्यावर माझं नाव, 'फक्त याच रुग्णासाठी' असा शेरा, आणि माझी सही घेतली. पिशवी हाताला कोमट लागली. ऑपरेशनच्या सगळ्या कागदांवर मी सह्या केल्या होत्या, त्या सगळ्या 'असं झालं तर आमची जबाबदारी नाही' म्हणणाऱ्या. ही एकच सही अशी होती की जिच्यात मी काहीतरी देत होते. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

मला तेव्हा वाटलं होतं की आता धोका शून्य. बाईंनी तेही खोडून काढलं. आपलं रक्त असलं तरी तपासण्या साऱ्या होतात, आणि चढवताना पिशवी बदलली गेली तर स्वतःचं रक्त कपाटात राहतं आणि दुसऱ्याचं अंगात जातं. म्हणून तिथेही नाव दोनदा विचारतात. विचारणाऱ्यावर चिडू नका.

दुसऱ्या वेळी माझं हिमोग्लोबिन भरलं १०.७. परत पाठवलं. रिक्षात बसून मी रडले, अगदी परीक्षेत नापास झाल्यासारखी. बाईंनी हिशेब सरळ केला: दुसरी पिशवी काढून तुम्हाला आणखी अशक्त करायचं आणि मग तेच रक्त परत चढवायचं, याला काही अर्थ नाही. शिरेतून लोह दिलं, आणि साठ्यातल्या पिशव्या एकेक लावून पाहत माझ्याशी जुळणारी एक शोधून राखून ठेवली. कुणा अनोळखी माणसाची. या वेळी विकत घेतलेली नव्हे, शिबिरात दिलेली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्या स्टूल ओढून बसल्या. उभ्या राहिल्या नाहीत, हे मला आधी जाणवलं. कमरेत सुई कधी देणार, पाय कसे जड होतील, काय ऐकू येईल, जाग आल्यावर कुठे असाल, सगळं क्रमाने सांगितलं. पाचच मिनिटं. डॉ. लॉरेन्स एग्बर्ट नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९६३ साली नेमकं हेच तपासलं होतं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटून बोलला तर रुग्ण शांत होतो. नुसतं झोपेचं औषध दिलं तर पेंगुळतो, शांत होत नाही. साठ वर्षं झाली या शोधाला. स्टुलावर बसणारे डॉक्टर अजून मोजकेच भेटतात.

ऑपरेशनला मी जागी होते. पडद्यापलीकडे हातोडी, करवत, पुन्हा हातोडी. घरात फर्निचरचं काम निघाल्यासारखं. सर्जन मधूनच गुणगुणत होते. सुरात नव्हते.

रक्त लागलं नाही. ना माझं, ना त्या अनोळखी माणसाचं. रक्तस्राव कमी राहावा म्हणून आधीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं होतं. हे औषध जपानच्या डॉ. उताको ओकामोतो यांनी नवऱ्याच्या जोडीने शोधलं, १९६२ साली त्यावर लिहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका. १९८७ मध्ये मला ते कुणी दिलं असतं तर कदाचित त्या दोन बाटल्या लागल्या नसत्या, अँटिबॉडीजचं हे रामायणही घडलं नसतं. पण तेव्हा तालुक्याच्या गावी ते कुठून असणार?

कुणी विचारलं तर मी ऑटोलॉगस रक्तदानाची शिफारस सरसकट करणार नाही. ज्यांना पेढीतलं रक्त सहज जुळतं, त्यांनी महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासून वाढवून घेतलं तर तेवढं पुरे. आणि पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. मला आठवण करून द्यावी लागली होती.

राखून ठेवलेली ती परकी पिशवी दुसऱ्या दिवशी साठ्यात परत गेली आणि तिथून दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आली. माझी मात्र कुणाला देता येत नव्हती; ११.६वाल्या बाईचं रक्त दात्याच्या नियमात बसत नाही. मी रक्तपेढीला फोन करून विचारलंच. ऑपरेशननंतर सातव्या दिवशी तिची मुदत संपली आणि नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीतून ती जाळायला गेली. त्या दिवशी मी वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेले. नवरा हिंग शोधत होता.